ज्यूरीला काय सांगितलं गेलं?

श्रोतेहो, नमस्कार.

खुनाचा खटला म्हटला की आपल्याला उलटतपासणी आठवते, फुटलेले साक्षीदार आठवतात. पण आपल्या देशात ज्यूरी, म्हणजे खटला ऐकून निकाल सांगणारी सामान्य नागरिकांची मंडळी, होती तेव्हा सगळ्यात वजनदार भाषण वकिलांचं नसे, न्यायाधीशांचं असे. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद संपले की न्यायाधीश ज्यूरीकडे वळत, पुराव्याचा गोषवारा देत आणि कायदा समजावून सांगत. त्याला 'चार्ज' म्हणत. मग ज्यूरी आत जाई, बाहेर येई आणि 'दोषी' की 'निर्दोष' एवढंच सांगे. का, ते सांगायचं बंधन तिच्यावर नव्हतं. त्यामुळे निकाल चुकला अशी शंका आली, तर वरच्या कोर्टाला चूक शोधायला मुख्य जागा एकच उरे, ती म्हणजे तो चार्ज. मुंबईतल्या दोन खटल्यांत त्या चार्जनं काय घडवलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

पहिला खटला सप्टेंबर १८९७ मधला. 'केसरी'च्या जूनमधल्या मजकुरावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा आरोप होता. ज्यूरीत नऊ जण होते, सहा युरोपीय आणि तीन हिंदी. सरकारविषयी 'अप्रीती' पसरवणं हा गुन्हा, असं भारतीय दंड संहितेचं कलम १२४ अ सांगत होतं. पण अप्रीती म्हणजे किती आणि कसली? न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं की अप्रीती म्हणजे प्रेमाचा अभाव. द्वेष, वैर, नावड, तिरस्कार, सरकारविषयीची कोणतीही दुर्भावना त्यात आली. ती तीव्र आहे की सौम्य, हे शिक्षा ठरवताना बघायचं. लेखामुळे कुठे दंगा झाला की नाही, याचा तर संबंधच नाही.

हे ऐकून आत गेलेल्या माणसासमोर विचार करायला फारसं उरलंच काय होतं? परक्या राजवटीवर टीका करणाऱ्या कुठल्या लेखात तिच्याविषयी प्रेम सापडणार? सहा युरोपीयांनी दोषी म्हटलं, तीन हिंदी सभासदांनी निर्दोष. न्यायाधीश बहुमताशी सहमत होते. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. चार्ज चुकीचा होता हाच मुद्दा घेऊन टिळकांच्या वतीनं लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे हिंदुस्थानसाठीच्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाकडे, अपिलाची परवानगी मागितली गेली. तिथे बॅरिस्टर अ‍ॅस्क्विथ उभे राहिले, जे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. परवानगी मिळाली नाही. उलट १८९८ मध्ये सरकारनं कलमाची भाषाच बदलली आणि 'द्वेष' व 'तुच्छता' हे शब्द त्यात घातले. हिंसेला किंवा अव्यवस्थेला चिथावणी असल्याशिवाय राजद्रोह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं ते १९६२ साली, केदारनाथ सिंह यांच्या खटल्यात. तोवर स्वराज्य येऊन पंधरा वर्षं झाली होती. मला हा इतिहासातला फार मोठा अन्याय वाटतो. आणि तो झाला साक्षीपुराव्यामुळे नव्हे, कायदा ज्या रीतीनं समजावला गेला त्यामुळे.

दुसरा खटला तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल, नानावटींचा. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांच्या गोळ्यांनी, त्यांच्या पत्नीशी संबंध असलेले प्रेम आहुजा ठार झाले. मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं नानावटींना निर्दोष ठरवलं. न्यायाधीश मेहता यांना हा निकाल पटेना. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. आणि तिथे काय निघालं? ज्यांना निकाल अमान्य होता, त्यांच्याच चार्जमध्ये गंभीर चुका होत्या!

सगळ्यात मोठी चूक शाबितीच्या ओझ्याबद्दलची होती. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची, हे पक्कं. पण झटापटीत अपघातानं गोळ्या सुटल्या असं आरोपी म्हणत असेल, तर तो अपवाद दाखवण्याचा भार पुराव्याचा कायदा आरोपीवर टाकतो. हे ज्यूरीला सांगितलंच गेलं नाही. हा भार सरकार पक्षाइतका जड नसतो. आणि तो आरोपीला पेलला नाही, तरी साऱ्या पुराव्यातून गुन्ह्याच्या एखाद्या घटकाबद्दल वाजवी संशय उरला, तर त्याचा फायदा आरोपीलाच. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी हे फार बारकाईनं उलगडलं आहे. नऊ सर्वसामान्य नागरिकांना हा धागा हातात न देता आत पाठवणं बरोबर नव्हतं.

'गंभीर आणि अचानक प्रक्षोभ' हा बचावाचा दुसरा मुद्दा. तो मान्य झाला तर गुन्हा खुनाऐवजी सौम्य ठरतो. प्रक्षोभ झाला म्हणजे आरोपीला राग आला, एवढंच पुरत नाही. त्याच समाजातला, त्याच परिस्थितीत सापडलेला विचारी माणूस ताबा गमावून बसला असता का, हे बघायचं. शिवाय घाव त्या रागाच्या भरात घातलेला हवा, डोकं थंड व्हायला सवड मिळाल्यानंतर नव्हे. नानावटी दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाले. पत्नीला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर गेले, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतलं, मग आहुजांचं घर गाठलं. गोळ्या झाडल्या तेव्हा सव्वाचार उलटून गेले होते. म्हणजे जवळजवळ तीन तास. उच्च न्यायालयानं खुनासाठी जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. नंतर राज्यपालांनी माफी दिली, ती कहाणी वेगळी.

याच खटल्यामुळे ज्यूरी गेली असं सर्रास सांगितलं जातं. पण विधी आयोगानं, म्हणजे कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या सरकारी मंडळानं, ज्यूरी बंद करा असं १९५८ सालीच सुचवलं होतं, गोळ्या झाडल्या जाण्याच्या आधी. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. आज चार्ज देणारा आणि निकाल देणारा माणूस एकच आहे. फरक असा की त्याला कारणं लिहावी लागतात. कोणते मुद्दे ठरवायचे होते, काय ठरवलं आणि कशावरून, हे निकालपत्रात आलंच पाहिजे, असा कायदा आहे.

म्हणून तुमच्या घरातल्या किंवा ओळखीतल्या कुणाला कैदेची शिक्षा झाली, तर निकालपत्राची प्रत मागून घ्या. ती आरोपीला ताबडतोब आणि विनामूल्य द्यावी लागते. अर्ज केला तर, शक्य असेल तिथे, त्याच्या भाषेतला अनुवादही मिळतो. वकिलांजवळ बसून ती वाचा. शाबितीचा भार कुणावर टाकला आहे ते बघा, बचावानं उभा केलेला संशय न्यायाधीशांनी कोणत्या शब्दांत दूर सारला आहे ते बघा. त्या परिच्छेदांवर खूण करून ठेवा. अपिलाचे मुद्दे बहुतेक वेळा तिथेच सापडतात.

नमस्कार.