खाली पडलेला हातमोजा: चित्रकार कारोल्युस-द्युराँ

(दृश्य: पॅरिस, ओर्से संग्रहालय. कॅमेरा जमिनीवरून वर सरकतो.)

फरशीवर पडलेला एक हातमोजा. वर काळा घोळदार पोशाख, मागे राखाडी भिंत, आणि दुसरा मोजा काढत उभी असलेली बाई. सव्वादोन मीटरहून उंच असलेलं हे चित्र १८६९ च्या सालों या पॅरिसमधल्या मोठ्या अधिकृत कलाप्रदर्शनात लागलं आणि एकतिशीतल्या चित्रकाराचं नाव झालं. ही बाई म्हणजे त्याची बायको पोलीन क्रोइझेत. ती स्वतःही चित्रकार, पेस्टलमध्ये काम करणारी.

उत्तर फ्रान्समधल्या लील शहरातला हा चार्ल द्युराँ. ‘चार्ल’चं लॅटिन रूप ‘कारोल्युस’ त्यानं उचललं, आडनावाच्या शेवटचं मुकं अक्षर गाळलं आणि भारदस्त नाव तयार केलं. चित्रातला काळा आणि राखाडी मात्र स्पेनचा. तिथं राहून त्यानं सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार वेलास्केस डोळ्यांत साठवला होता.

(दृश्य: कोरा कॅनव्हास, कोळशाची कांडी.)

१८७३ च्या सुमारास पॅरिसच्या मोंपार्नास भागात त्याचा चित्रकलेचा वर्ग सुरू झाला. इतर गुरू वर्षानुवर्षं रेखाटन घोटून घेत. इथं हातात थेट ब्रश. कोळशानं जेमतेम प्रमाणं बघायची, पातळ रंगानं मोठे आकार बांधायचे. खाली एकरंगी थर नाही. मग रुंद ब्रशनं चेहऱ्याचे मोठे पैलू, म्हणजे एकसारखा उजेड घेणारे सपाट भाग, थेट मांडायचे: कपाळाला तीन-चार, नाकाला तेवढेच. फरशा बसवाव्यात तसे, शेजारी-शेजारी. दोन पैलूंच्या सांध्यावर मधल्या उजेडाचा छोटा तुकडा बसवायचा. सांध्यावरून ब्रश फिरवून रंग कालवायला सक्त मनाई. तसं केलं की दोन्हीकडचा उजेड एक होतो, हाड हरवतं आणि गाल साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत दिसतो. मधल्या छटा आधी, चमक शेवटी; चमक आधी ठेवली तर बाकीचं सगळं तिच्या मागे धावतं.

गिऱ्हाइकांच्या चित्रांत मात्र पुढे पुढे रेशीम आणि मखमलच जास्त बोलू लागली. पैसा आला, मान आला: १९०५ पासून तो रोममधल्या फ्रेंच अकादमीचा संचालक होता. १९१७ मध्ये तो पॅरिसला वारला.

(दृश्य: १८७९ चं व्यक्तिचित्र.)

हा कारोल्युस-द्युराँच, बसलेला, हातात काठी. काढणारा त्याचा विद्यार्थी, अठराव्या वर्षी वर्गात आलेला जॉन सिंगर सार्जंट. बाहीच्या झालरीजवळ या: चार-सहा पांढरे फटकारे, एकही कालवलेला नाही.