मागणी घसरल्यावर उरलेला माल कोणाचा?

२०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच पुण्यात पोहोचला आणि एअर कूलरचा ऐन हंगाम आखडला. अशा वर्षी भोसरीचा कारखानदार आणि बुधवार पेठेतला घाऊक व्यापारी एकमेकांना दोष देतात. माझ्या मते दोष त्यांच्या करारात असतो, कारण तो एकच मागणी गृहीत धरून लिहिलेला असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कूलरचा उत्पादनखर्च नगामागे २,००० रुपये आहे आणि किंमत एक रुपयाने वाढली की खप एका नगाने घटतो. मागणी म्हणजे १०,००० उणे किंमत. दोघांचा एकत्रित नफा ६,००० रुपयांना ४,००० नग विकल्यावर सर्वाधिक, १ कोटी ६० लाख रुपये होतो. तेवढा माल तयार झाला आणि पावसामुळे मागणी कोणत्याही किमतीला ६०० नगांनी घसरली. नेहमीचे गणित ३,७०० नग ५,७०० रुपयांना विकायला सांगते. परंतु उरलेले ३०० नग पडत्या भावाने काढताना प्रत्येकी १,००० रुपये बुडत असतील, तर एकूण नफा १ कोटी ३३ लाख ९० हजार राहतो. सगळे ४,००० नग ५,४०० रुपयांना विकले तर तो १ कोटी ३६ लाख होतो. या उदाहरणात घट १,००० नगांच्या आत असेपर्यंत संख्या तीच ठेवून किंमत उतरवणेच श्रेयस्कर ठरते. घट ३,००० नगांची असेल तर मात्र १,००० नग पडत्या भावाने वेगळे काढावेत. नफा ५० लाख होतो, सगळेच विकू गेल्यास ४० लाख.

श्यांगतोंग ची, जोनाथन बार्ड आणि गांग यू या संशोधकांनी २००४ साली मांडलेल्या या विचाराकडे आपल्या उद्योजकांनी गंभीरपणे पाहावे, असे मला मनापासून वाटते. मागणी जरा हलली की आपल्याकडे आधी ऑर्डर कापली जाते, कारण ती कापणाऱ्याच्या खिशाला उरलेल्या मालाची झळ लागत नाही. कायद्याचा आधारही इथे तोकडा आहे: सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यातील ४५ दिवसांची कमाल मुदत स्वीकारलेल्या मालाच्या पैशांना लागू होते, तयार होऊन उचलल्याविना पडून राहिलेल्या मालाला ती उपयोगी पडत नाही.

म्हणून व्यापाऱ्याला एकत्रित नफ्याचा जेवढा हिस्सा मिळतो, तेवढाच हिस्सा उरलेल्या मालाच्या तोट्यातही त्याच्याकडे यावा, असे कलम हवे. मग संख्या आणि किंमत ठरवताना त्याचे हित आणि दोघांचे हित वेगळे राहत नाही. न विकलेला माल पूर्ण किमतीला परत घेण्याची हमी हा यावरचा उपाय नव्हे. संशोधक बॅरी पास्टरनॅक यांनी १९८५ सालीच दाखवले की पूर्ण परतावा आणि शून्य परतावा ही दोन्ही टोके कारखानदार-व्यापारी साखळीच्या एकूण नफ्याला मारक ठरतात, आणि मधल्या, अंशतः परताव्याने दोघांच्या हिताचा मेळ साधता येतो.

अडचण उरते ती नगामागचा तोटा ठरवण्याची. ही माहिती कारखानदाराकडे असते आणि तोटा फुगवून सांगण्यात त्याचा फायदा असतो. त्यामुळे हा आकडा हंगामाआधी, कच्च्या मालाची बिले आणि गोदामभाडे समोर ठेवून करारात लिहावा, आणि कोणत्या तारखेपर्यंतची विक्री पाहून फेरविचार करायचा तेही त्यातच नमूद करावे.