सकाळी सातचं पान: सरकारप्रमुखाची गुप्तवार्ता नोंद कशी तयार होते

(दृश्य: नागपूर, सिव्हिल लाइन्स, पहाट. विधानभवनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बॅरिकेड लावणारे पोलीस.)

डिसेंबरात महाराष्ट्राचं सरकार नागपुरात असतं. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात ते ठरलं होतं. दरवर्षी सरकारने ठराविक काळ इथे यायचं आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथे घ्यायचं. मुख्यमंत्र्यांचा मुक्काम रामगिरीवर, कार्यालय हैदराबाद हाऊसमध्ये, सभागृह विधानभवनात. आणि त्याच दिवसांत राज्याच्या कानाकोपऱ्यातून माणसं आपल्या मागण्या घेऊन या शहरात उतरतात.

अशा वेळी सरकारप्रमुखाच्या हातात सकाळी एक पान पडावं लागतं. आज काय घडू शकतं, कुठे, किती वाजता, आणि त्याआधी तुम्हाला काय ठरवायचं आहे, एवढं त्यात असलं पाहिजे. हे पान चांगलं कसं लिहायचं आणि ते कुठे फसतं, ते आपण पाहू.

माहिती येते अनेक वाटांनी. पोलीस ठाण्यातला गोपनीय अंमलदार, शहराची विशेष शाखा, जिल्ह्यांच्या विशेष शाखा, राज्य गुप्तवार्ता विभाग, केंद्राचा इंटेलिजन्स ब्युरो. गडचिरोलीकडची खबर नक्षलविरोधी अभियानाच्या नागपुरातल्या कार्यालयाकडून. प्रत्येकाची लिहिण्याची पद्धत वेगळी, घाई वेगळी. हे सगळं जसंच्या तसं एकाखाली एक चिकटवलं तर वीस पानं होतात, आणि वीस पानं सभागृहाच्या दिवशी कुणी वाचत नाही.

(दृश्य: टेबलावर कागद, भिंतीवर घड्याळ.)

म्हणून काम उलट्या दिशेने आखायचं. पान सातला हातात हवं, तर साडेसहाला ते निघालं पाहिजे. सहाला वरिष्ठांनी वाचून सही केलेली असावी. पाच ते सहा हा तास फक्त तपासणीचा: नावं, वेळा, चौक, आकडे. पहाटे चारला कटऑफ. चारनंतर आलेली गोष्ट पानात घुसवायची नाही. ती महत्त्वाची असेल तर तोंडी सांगायची आणि "ही चारनंतरची आहे, तपासलेली नाही" असं म्हणून सांगायची. हा नियम मोडला की सर्वांत कच्ची खबर सर्वांत ठळक जागी जाऊन बसते, कारण ती ताजी असते.

आता प्रत्येक खबरीला दोन खुणा द्यायच्या. एक अक्षर, एक अंक. ए ते एफ हे अक्षर खबर देणाऱ्याचं: आजवर त्याचं किती खरं ठरलं. एक ते सहा हा अंक खबरीचा: दुसरीकडून तिला किती दुजोरा मिळतो. ही पद्धत ब्रिटिश नौदलाकडून आली आणि जगभर वापरली जाते. बी-२ म्हणजे बहुतांशी विश्वासू माणूस आणि बहुधा खरी खबर. एफ-६ चा अर्थ मात्र नीट लक्षात ठेवावा लागतो. एफ-६ म्हणजे खोटं नव्हे. माणूस नवा आहे आणि खबर पडताळता आलेली नाही, एवढंच. ती फेकायची नाही, पडताळायला कुणाला तरी पाठवायचं. आणि माणूस चांगला म्हणून खबरही चांगली, असं अक्षर आणि अंक एकमेकांना चिकटवणं ही रोजची चूक आहे. विश्वासू माणूसही ऐकीव गोष्ट सांगू शकतो.

दुसरा सापळा प्रतिध्वनीचा. एक व्हॉट्सॲप मेसेज. तो ठाण्याने कळवला, जिल्हा विशेष शाखेने कळवला, आणखी एका यंत्रणेनेही कळवला. टेबलावर तीन कागद, वाटतं तीन ठिकाणांहून दुजोरा. प्रत्यक्षात उगम एकच. उपाय कंटाळवाणा आहे पण दुसरा नाही: प्रत्येकाला फोन करून विचारायचं, "तुमच्या माणसाने हे स्वतः पाहिलं की ऐकलं? ऐकलं तर कुणाकडून?" इराककडे फिरत्या जैविक प्रयोगशाळा आहेत हा दावा प्रामुख्याने एकाच माणसाच्या सांगण्यावर उभा होता. इराकवरच्या हल्ल्याआधी, ५ फेब्रुवारी २००३ ला, अमेरिकेने तो संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत मांडला आणि नंतर तो खोटा ठरला. उगमापर्यंत न जाण्याची किंमत कुठवर जाते, त्याचं हे सर्वांत मोठं उदाहरण.

(दृश्य: धंतोली, यशवंत स्टेडियम. मोर्चाची जुळवाजुळव.)

नागपुरातलं सगळ्यात नेहमीचं काम म्हणजे मोर्चाचा अंदाज. बरेच मोर्चे यशवंत स्टेडियमवरून निघतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, टेकडी रोड, एलआयसी चौक अशा ठरलेल्या जागी अडवले जातात. परवानगीच्या अर्जात आयोजक म्हणतो दहा हजार. हा आकडा पानात जाता कामा नये. आयोजकाला मोठा आकडा हवा असतो, बंदोबस्तवाल्याला कधी मोठा, कधी छोटा.

मोजायचं असं. आधी गाड्या. एसटीच्या साध्या गाडीत बसलेले पंचेचाळीसच्या आसपास. रात्रीत शहरात शिरलेल्या सत्तर गाड्या म्हणजे तीन हजारांच्या वर थोडे. मग जेवण. खिचडीला माणशी शंभर ग्रॅम तांदूळ धरला तर पन्नास किलोच्या पोत्यात पाचशे माणसं. आठ पोती उतरली असतील तर आयोजकाच्या मनातला खरा आकडा चार हजार आहे, अर्जात काहीही असो. मग जमीन. पंधरा मीटर रुंद रस्त्यावर दीडशे मीटरपर्यंत लोक, म्हणजे सव्वादोन हजार चौरस मीटर. चौरस मीटरला एक माणूस ही मोकळी गर्दी, दोन ही दाट. दोन धरले तर साडेचार हजार. तीन पद्धतींचे आकडे जवळ आले, आणि जो फरक उरला तो रेल्वेने आलेल्या आणि गावातल्याच लोकांचा. पानात लिहायचं: चार ते पाच हजार. एकच आकडा कधी लिहू नये, तो खोटी खात्री देतो.

आणि घनता वेगळी लिहावी. चौरस मीटरला चार माणसं झाली की हलणं कठीण होतं. पाचच्या पुढे माणूस स्वतःच्या पायाने चालत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. एकूण संख्या तीच राहते, पण बॅरिकेडपाशी ती कुठल्या कोपऱ्यात दाबली जाते यावर जीव अवलंबून असतो.

(दृश्य: झिरो माइलजवळचं गोवारी शहीद स्मारक. काही क्षण फक्त रस्त्याचा आवाज.)

२३ नोव्हेंबर १९९४. अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. हजारो माणसं, त्यांत बायका आणि मुलं मोठ्या संख्येने. मोर्चा वाटेत अडवला गेला. सरकारतर्फे कुणीतरी येऊन बोलेल म्हणून लोक थांबून राहिले. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली आणि ११४ गोवारी मरण पावले.

सरकारप्रमुखासाठी नोंद लिहिणाऱ्या प्रत्येकाने या स्मारकासमोर एकदा उभं राहावं असं आम्हाला मनापासून वाटतं. "हिंसाचार होईल का?" एवढाच प्रश्न डोक्यात ठेवून नोंद लिहिली, तर असा दिवस तिला दिसतच नाही. इथे विचारायचे प्रश्न वेगळे असतात. लोक किती वेळ उभे असतील? ते कुणाची वाट पाहताहेत? तो माणूस येणार आहे का? न आल्यास त्यांना कोण सांगणार? मागे हटायला वाट किती रुंद आहे? लहान मुलं किती? ही सगळी गुप्तवार्ताच आहे. तिच्यासाठी खबऱ्या लागत नाही, सकाळी स्टेडियमवर जाऊन डोळे उघडे ठेवणारा एक अंमलदार लागतो.

(दृश्य: पडद्यावर दोन मजकूर, एकाखाली एक. दोन्ही नमुन्यादाखल.)

पहिला मजकूर: "आजच्या मोर्चामुळे कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही. सर्व संबंधितांना सतर्क राहण्याच्या सूचना देण्यात आल्या आहेत."

दुसरा: "कंत्राटी कर्मचाऱ्यांचा मोर्चा, दुपारी १२ वाजता यशवंत स्टेडियम, २ च्या सुमारास टी-पॉइंट. ४ ते ५ हजार, निम्म्याहून अधिक महिला. हिंसाचाराची शक्यता कमी. ठिय्या रात्रभर चालण्याची शक्यता दाट: परतीच्या गाड्या उद्या सकाळच्या ठरवल्या आहेत, सतरंज्या आणि पांघरुणं आणली आहेत. भरवसा मध्यम. ठरवायचं: शिष्टमंडळाला कोणते मंत्री भेटणार, दुपारी ३ पूर्वी."

पहिल्यात लिहिणारा सुरक्षित आहे. काही घडलं तर "आम्ही कळवलं होतं", नाही घडलं तर कुणी विचारत नाही. पण वाचणाऱ्याला त्यातून करता येण्यासारखं काहीच मिळत नाही. दुसऱ्यात लिहिणारा चुकू शकतो आणि म्हणूनच त्याचा उपयोग होतो. परतीच्या गाड्यांची वेळ ही तर फार बोलकी खूण. माणसं किती दिवसांची तयारी करून आली आहेत, ते भाषणांपेक्षा ती खरं सांगते.

मोघम शब्दांचा घोटाळा जुना आहे. १९५१ मध्ये अमेरिकी गुप्तचरांनी युगोस्लाव्हियावर आक्रमणाची "गंभीर शक्यता" आहे असं लिहिलं. तिथले विश्लेषक शर्मन केंट यांनी नंतर ते लिहिणाऱ्या सहकाऱ्यांनाच विचारलं, म्हणजे किती टक्के? उत्तरं वीसपासून ऐंशीपर्यंत आली. सगळ्यांनी एकाच वाक्यावर सह्या केल्या होत्या. आज तिथल्या लेखननियमांत "लाइकली" म्हणजे ५५ ते ८० टक्के असं ठरवून दिलेलं आहे. आपणही "कमी", "निम्मी-निम्मी", "दाट", "जवळपास नक्की" असे चार-पाच शब्द घ्यावेत, त्यांचे टक्के पानाच्या तळाशी छापावेत आणि त्यापलीकडचा शब्द वापरू नये. शक्यता आणि भरवसा मात्र वेगळे ठेवायचे. शक्यता घटनेची, भरवसा आपल्या पुराव्याचा. एकाच कच्च्या खबरीवरूनही शक्यता दाट वाटू शकते, तेव्हा भरवसा कमी असं लिहिलंच पाहिजे.

पानाचा क्रम साधा ठेवावा. सर्वांत वर आज ठरवायच्या गोष्टी, प्रत्येकीला वेळ. मग कालपासून काय बदललं. मग तीन ते पाच नोंदी, प्रत्येकी पाच ओळींत. शेवटी एक चौकट: आपल्याला काय माहीत नाही आणि ते कधीपर्यंत कळेल. ही चौकट काढून टाकण्याचा आग्रह दर काही दिवसांनी वरून होतो. ती काढू देऊ नये.

वाचणारा बदलला की पान बदलतं. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यासाठी १७ जून १९६१ ला गुप्तवार्तेची पहिली छोटी पुस्तिका निघाली, सात पानांची, खिशात मावेल अशी. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष जॉन्सन रात्री वाचत, म्हणून त्यांच्या काळात ती संध्याकाळी पोचवली जाऊ लागली. अधिवेशनात मुख्यमंत्र्यांना लक्षवेधी आणि स्थगन प्रस्तावांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे एक खूण हवी: हे सभागृहात सांगता येईल, की फक्त माहितीसाठी. ती नसेल तर उत्तराच्या ओघात एखादी ओळ बोलली जाते आणि त्या ओळीवरून गावातला खबऱ्या ओळखला जातो.

पान कुणाकुणाला जातं, हेही लिहिणाऱ्याचंच काम. कारगिल आढावा समितीने नेमकं यावर बोट ठेवलं. सीमेपलीकडच्या हालचालींबद्दलची इंटेलिजन्स ब्युरोची जून १९९८ ची नोंद पंतप्रधानांपर्यंत गेली, पण रॉचे सचिव, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्तेचे महासंचालक यांच्या नावे ती पाठवलेली नव्हती. तिचा पुढचा माग काढणं हे तर त्यांचंच काम होतं. खालच्या दिशेलाही हाच धोका. म्हणून प्रत्येक नोंदीत एक आडवी रेघ मारावी. रेघेच्या वर स्रोताचा अंदाज येईल असा मजकूर, रेघेखाली तीच सूचना स्रोत न कळू देता. रेघेखालचं टी-पॉइंटवरच्या निरीक्षकाच्या हाती आठच्या आत पडलं पाहिजे.

एक गोष्ट या पानात येऊ नये: कोणता आमदार कुणाच्या घरी जेवला, विरोधी पक्षात कोण नाराज आहे. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये एल. पी. सिंग समिती नेमावी लागली ती गुप्तचर यंत्रणांच्या अशाच गैरवापरामुळे. मोर्चातली माणसं सरकारची शत्रू नसतात, नागरिक असतात. त्यांचं पोट, पाणी, परतीची गाडी याची नोंद त्यांच्या जिवासाठी घ्यायची.

(दृश्य: रामगिरीचं फाटक, आत शिरणारी गाडी.)

तोंडी सांगायला मिळतात दोन-तीन मिनिटं. पान वाचून दाखवू नये. "सर, आज मोठा मोर्चा कर्मचाऱ्यांचा आहे, पण मला काळजी आहे ती टेकडी रोडवरच्या छोट्या मोर्चाची. तिथे दोन मोर्चे एकाच वेळी येताहेत." एवढं पुरतं. "मग काय करू?" असं विचारलं गेलं तर पर्याय आणि त्यांचे परिणाम सांगायचे: मंत्री तीनला भेटले तर काय, सहाला भेटले तर काय. निर्णय त्यांचा. आणि न आलेलं उत्तर जागच्या जागी बनवायचं नाही. "दहा वाजेपर्यंत सांगतो, सर" म्हणायचं, आणि पावणेदहाला कळवायचं.

संध्याकाळी मोर्चे पांगले की वही काढायची. सकाळी काय लिहिलं, प्रत्यक्षात काय झालं. "दाट" म्हटलेल्या दहा गोष्टींपैकी सहा-सात घडल्या तर शब्द बरोबर वापरला जातोय. दहाच्या दहा घडल्या तर आपण घाबरून शब्द कमी जोराचा वापरतोय, आणि तीनच घडल्या तर उगाच घाबरवतोय. ज्या ठाण्याचा आकडा रोज दुप्पट येतो त्याला त्याच रात्री फोन करायचा, कारण दहा वाजता दुसऱ्या दिवशीच्या मोर्चांची यादी येते आणि पहाटे चारचा कटऑफ पुन्हा समोर असतो.