ठोका लागतो, पण रक्त पोचतं का?

[पहाट. सोलापूरच्या पूर्व भागातली गल्ली. नळाखाली रिकामी कळशी.]

उजनीचं पाणी आमच्या नळाला रोज येत नाही. पाण्याच्या दिवशी घरातलं कुणीतरी पहाटेच उठून बसतं. आधी पाइप थरथरतो, मग नळ हवा सोडतो, फसफसतो. एवढ्यावर कुणी ‘पाणी आलं’ म्हणत नाही. कळशी किती वेळात भरते, त्यावरून धार कळते.

[ऑपरेशन थिएटर. दिव्याखाली धडधडणारं हृदय.]

टेबलावर याच गल्लीतले एक यंत्रमाग कामगार आहेत. चादरीच्या मागावर तुटलेला धागा सांधण्यात त्यांची उमर गेली. आज त्यांची बायपास. तुंबलेल्या वाहिनीला वळसा घालून रक्त नेणाऱ्या तीन नळ्या, म्हणजे ग्राफ्ट, हृदयावर जोडल्यात. एक छातीच्या आतली धमनी, दोन पायातल्या शिरा. हृदयाची रक्तवाहिनी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची, टाक्यांचा धागा केसाएवढा.

ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसाचं काम करणारं हार्ट-लंग मशीन थांबलंय. हृदय आपल्या बळावर चाललंय. टाके कोरडे आहेत. ग्राफ्टवर बोट ठेवलं तर ठोका लागतो.

इथेच फसगत होऊ शकते. ग्राफ्ट पुढे तुंबलेला असला तरी महाधमनीचा दाब त्यात येऊन आदळतो आणि बोटाला ठोका लागतो. थरथरणाऱ्या नळासारखाच. 1967 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून बायपास सुरू केली. त्यानंतर बरीच वर्षं सर्जनची भिस्त मुख्यतः डोळ्यावर आणि बोटावरच होती.

[जवळून: वाकड्या टोकाचा छोटा प्रोब. त्याच्या खाचेत जेल भरलं जातं.]

आता हा प्रोब, ग्राफ्टमधला प्रवाह मोजणारा. खाचेत ग्राफ्ट अलगद बसवायचा. ओढायचा नाही, दाबायचा नाही. आत हवा राहू नये म्हणून जेल. एका बाजूला दोन स्फटिक, समोर ध्वनी परतवणारा पत्रा. अल्ट्रासाउंडची लहर एकदा रक्ताच्या दिशेने जाते, एकदा उलट. पंढरपूरला चंद्रभागेत होडीत बसलेल्याला हे सांगायला नको: धारेबरोबर लवकर, धारेविरुद्ध उशिरा. या दोन वेळांतल्या अतिसूक्ष्म फरकावरून मशीन सांगतं, मिनिटाला किती मिलिलिटर रक्त जातंय.

पहिला ग्राफ्ट: 38. दुसरा: 44. तिसरा: 9.

थिएटरमध्ये कुणी बोलत नाही.

[पडद्यावर हिरवी रेघ. उंच, टोकदार, शून्याखाली घसरणारी.]

आकड्याइतकीच ही रेघ महत्त्वाची. हृदय आवळतं तेव्हा त्याच्या स्वतःच्या वाहिन्याही दाबल्या जातात. त्याला स्वतःचं रक्त मुख्यतः सैल पडताना मिळतं. म्हणून चांगल्या ग्राफ्टची रेघ त्या वेळी फुगलेली दिसते. इथे नुसते झटके आहेत, रक्त पुढे जाऊन मागे येतंय. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी प्रवाहातलं अंतर, भागिले सरासरी प्रवाह, म्हणजे पल्सॅटिलिटी इंडेक्स. इथे तो 8 आहे. 2018 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रवाह 20 च्या खाली आणि इंडेक्स 5 च्या वर असेल तर जोडात दोष असण्याची शक्यता मोठी.

तरी सर्जन लगेच टाके उसवत नाहीत. आधी रक्तदाब विचारतात. दाबच कमी असेल तर प्रवाहही कमी दिसणार. दाब ठीक आहे. जेल पुन्हा भरून मोजतात. पुन्हा 9. कधी मूळ वाहिनीतूनच भरपूर रक्त येत असतं, कधी पुढची वाहिनी फार बारीक असते, तेव्हाही आकडा खाली येतो. आकडा वाचणारा माणूस जाणता हवा, तो यासाठी.

मग नजर शिरेवरून वर सरकते. महाधमनीजवळ शिरेला पीळ बसलाय, अर्ध्या वेढ्याचा. टॉवेल पिळावा तसा.

वरचा जोड सोडवून, पीळ काढून पुन्हा शिवतात. वीसेक मिनिटं जातात. हाच पीळ छाती बंद झाल्यावर राहिला असता, तर आयसीयूत ईसीजी बिघडल्यावर शोधाशोध झाली असती, तीही हृदयाचा तुकडा पणाला लावून. म्हणून मनापासून सांगते: घरात कुणाची बायपास ठरली असेल तर डॉक्टरांना विचारा, ग्राफ्टचा फ्लो मोजणार का? यात संकोच कसला?

[प्रोब पुन्हा बसतो.]

36. इंडेक्स 2.1. रेघ आता सैल काळात भरून येतेय. मिनिटाला 36 मिलिलिटर म्हणजे अर्धा कप चहासुद्धा नाही. पण हृदयाच्या त्या भिंतीला तेवढं पुरतं.

सर्जन प्रोब काढतात आणि छाती बंद करायला तार मागतात.