मोटारीच्या विम्याचा हप्ता : आकड्यामागचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. मोटारीच्या विम्याची मुदत संपत आली की आपण एकच प्रश्न विचारतो, यंदा किती भरायचे? एजंट एक आकडा सांगतो, आपण तो कमी करायला सांगतो आणि तो कमी होतोही. मात्र तो नेमका कशातून कमी झाला, हे विचारायचे राहून जाते. आज त्याविषयीच आपल्याशी बोलायचे आहे.

हप्त्याचे मुख्य भाग दोन. पहिला त्रयस्थाच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टीचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार हा विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दर कंपनीच्या हातात नसतो; विमा नियामक प्राधिकरणाशी सल्लामसलत करून तो केंद्र सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे खासगी मोटारीसाठी १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये पडतात. येथे घासाघीस करण्यात अर्थ नाही. आपल्या गाडीखाली एखादा पादचारी दगावला आणि न्यायाधिकरणाने त्याच्या कुटुंबाला मोठी भरपाई मंजूर केली, तर ती याच रकमेच्या आधारावर दिली जाते आणि मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला कमाल मर्यादा नसते. म्हणून हे पैसे मला कधीच जड वाटत नाहीत.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्याचे दर जानेवारी २००७ पासून कंपन्यांवर सोपवले गेले, त्यामुळे त्याच गाडीसाठी दोन कंपन्यांचे आकडे वेगळे येतात. गाडीचे वय, इंजिनाची क्षमता आणि नोंदणीचे ठिकाण यांवर हा दर अवलंबून असतो. मुंबई आणि पुणे ही शहरे देशातील आठ मोठ्या शहरांच्या 'अ' विभागात मोडतात, तर नाशिक, नागपूर, कोल्हापूर 'ब' विभागात. म्हणून पुण्यात नोंदलेल्या गाडीला थोडा जास्त दर लागतो.

परंतु सर्वांत मोठा फरक पडतो तो आयडीव्हीमुळे. आयडीव्ही म्हणजे विमा कंपनीने मान्य केलेली गाडीची आजची किंमत. नव्या गाडीच्या किमतीतून दरवर्षी ठरावीक घसारा वजा होतो: दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्या वर्षात ३० टक्के, आणि पाचव्या वर्षात ५०. दहा लाखांची गाडी तिसऱ्या वर्षात सात लाखांची धरली जाते. एजंटने हप्ता कमी करून दिला, तेव्हा पुष्कळदा त्याने हीच रक्कम साडेसहा लाखांवर आणलेली असते. त्या वर्षी गाडी चोरीला गेली, तर हप्त्यात वाचलेल्या काहीशे रुपयांसाठी आपले पन्नास हजार गेलेले असतात. माझ्या मते हप्ता कमी करण्याचा हा सर्वांत वाईट मार्ग आहे.

चांगला मार्ग म्हणजे नो क्लेम बोनस. वर्षभरात एकही दावा केला नाही, तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर पुढच्या वर्षी २० टक्के सवलत मिळते, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. एक दावा केला की ही शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. समजा, सवलतीआधीचा हप्ता १२,००० रुपये आहे आणि आपण ५० टक्क्यांवर पोहोचलो आहोत. ८,००० रुपयांचा प्लॅस्टिकचा बंपर तुटला. प्लॅस्टिकच्या भागावर निम्मा घसारा कापला जातो, लहान गाडीला आणखी १,००० रुपये आपल्याला सोसावे लागतात, म्हणजे हाती येतात ३,०००. हप्ता स्थिर धरला, तरी पुन्हा ५० टक्क्यांवर पोहोचेपर्यंतच्या पाच वर्षांत आपण अनुक्रमे ६,०००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६०० रुपये जास्त भरतो. एकूण १५,००० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. गॅरेजवाला "क्लेममध्ये बसवून देतो" म्हणाला, तर होकार देण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडून पाहावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्लॅस्टिकवरची ही कपात टाळायची असेल, तर झिरो डेप्रिसिएशनची जोड घेता येते, आणि नव्या गाडीला ती घ्यावी. मुंबई-ठाण्यासारख्या पाणी तुंबणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी इंजिन संरक्षणाचा विचार जरूर करावा. २६ जुलै २००५ च्या पुरासारख्या वेळी पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला, की पाणी आत ओढले जाऊन इंजिन निकामी होते, आणि हे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरले जात नाही. अशा वेळी किल्ली न फिरवता गाडी ओढून न्यावी.

आणखी एक गोष्ट. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून तसे पत्र घेतले, तर तीन वर्षांपर्यंत तो नव्या गाडीला लावता येतो. मात्र विम्याची मुदत संपून नूतनीकरणाविना ९० दिवस उलटले, तर बोनस रद्द होतो. आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्याने १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्यावा.

नमस्कार.