खुबा बाहेरून दुखतो तेव्हा

उजव्या कुशीवर झोपणं सोडून आईला आठ महिने झाले होते. झोपेत चुकून त्या बाजूला वळली की कळ यायची आणि जाग यायची, जिना चढताना दुखायचं, रिक्षातून उतरल्यावर पहिली चार पावलं तर लंगडतच. आणि ती बोट कुठे ठेवते ते बघा, कमरेच्या खाली बाहेरच्या बाजूला जे हाड हाताला लागतं ना, बरोब्बर तिथे.

घरात सगळ्यांनी आपापलं निदान करून टाकलं, कोणी सायटिका म्हणालं, कोणी म्हणालं सांधा झिजला. पण खुब्याचा सांधा झिजला की बहुतेक वेळा जांघेत दुखतं आणि पायाची नखं कापायलासुद्धा जड जातं, आईला ते आरामात जमत होतं. पूर्वी याला सरसकट बर्सायटिस म्हणायचे, म्हणजे हाडावरची छोटी पिशवी सुजली. नंतर एमआरआय, सोनोग्राफीत दिसायला लागलं की बहुतेकदा दुखणं असतं त्या हाडाला चिकटलेल्या कुल्ल्याच्या स्नायूंच्या टेंडनमध्ये, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीसारख्या भागात. चाळिशी ओलांडलेल्या बायकांमध्ये हे खूप दिसतं, आणि "वय झालं आता" म्हणून त्या अंगावर काढतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग करायचं काय? स्टिरॉइडचं इंजेक्शन, शॉक वेव्ह (म्हणजे दुखऱ्या जागी मशीनने दाबाच्या लहरी देणं), की व्यायाम?

२००९ मध्ये २२९ पेशंट्सवरचा एक अभ्यास छापून आला, त्यात हे तिन्ही समोरासमोर होते. एका महिन्यात इंजेक्शनवाल्यांपैकी ७५ टक्के लोकांना आराम, शॉक वेव्हमध्ये १३ आणि घरी व्यायाम करणाऱ्यांमध्ये फक्त ७. इथेच थांबलं तर कोणीही इंजेक्शनच घेईल ना! पण ४ महिन्यांनी शॉक वेव्ह पुढे, ६८ टक्के. आणि १५ महिन्यांनी व्यायाम ८०, शॉक वेव्ह ७४, इंजेक्शन ४८.

मग २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातला अभ्यास आला, मेलबर्न आणि ब्रिस्बेनमधले २०४ लोक. यात व्यायाम नुसता कागदावर लिहून दिला नव्हता, ८ आठवड्यांत फिजिओकडे १४ वेळा जायचं आणि टेंडन दाबलं जाऊ नये म्हणून उठायचं-बसायचं कसं तेही शिकायचं. ८ आठवड्यांनी व्यायामवाल्यांपैकी ७७ टक्के लोकांना बरं वाटलं, एका इंजेक्शनने ५८, नुसती वाट बघणाऱ्यांत २९. वर्षाने ७९, ५८ आणि ५२. म्हणजे वर्षभरात इंजेक्शन आणि वाट बघणं जवळजवळ एकाच जागी येऊन पोचलं.

इंजेक्शन वाईट असं मी म्हणत नाही, रात्र रात्र झोप नसेल तर तो आराम मोठा असतो. पण आईला शुगर आहे आणि स्टिरॉइडने काही दिवस शुगर वाढते, म्हणून डॉक्टरांशी बोलून आम्ही आधी फिजिओ धरला.

फिजिओने पहिल्या दिवशी व्यायाम दिलाच नाही, आधी विचारलं उभ्या कशा राहता. आई ओट्यापाशी उभी राहते तशी राहिली, सगळा भार उजव्या पायावर, खुबा बाहेर काढून. नातीला कडेवर घेते तेव्हाही तसंच, आणि खुर्चीत पायावर पाय. यात मांडी आतल्या बाजूला जाते आणि टेंडन हाडावर दाबलं जातं, दिवसभर. त्यात कोणीतरी सांगितलेलं स्ट्रेचिंग आई रोज करत होती, गुडघा ओढून पलीकडच्या खांद्याकडे न्यायचा, त्यानेही तेच टेंडन दाबलं जात होतं, म्हणजे बरं व्हायला म्हणून जे करत होती तेच नडत होतं!

मग व्यायाम हळूहळू सुरू झाला, पाठीवर झोपून कंबर उचलायची, खुर्चीतून हात न टेकता उठायचं, नंतर रबर बँड. करताना थोडं दुखलं तर चालतं, पण त्या रात्री दुखणं वाढलं तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं.

आता सातवा आठवडा चालू आहे. उजव्या कुशीवर ती अजून झोपत नाही, डाव्या कुशीवर झोपते, दोन गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी घेऊन, आणि काल पहाटे पाचपर्यंत एकदाही उठली नाही.