खाऱ्या पाण्यात जाम झालेलं इंजिन सोडवताना

नमस्कार मंडळी. पावसाळा सरला की गोराई, आक्सा, वर्सोव्याच्या जेट स्की ताडपत्रीखालून निघून आपल्याकडे येतात. इंजिनातला दोष बहुतेक वेळा लवकर सापडतो. वेळ जातो तो पार्ट सुटे करण्यात, आणि नुकसानही तिथंच होतं. एका बोल्टापायी चांगलं केसिंग, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, फुटलेलं बघितलं की जीव तुटतो. म्हणून आज फक्त सोडवण्याबद्दल बोलतो.

बोल्टाभोवती पांढरी भुकटी दिसते ना, ती नुसतं मीठ नव्हे. केसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट स्टेनलेसचा आणि मध्ये समुद्राचं पाणी. अशा जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. बोल्ट चकचकीतच राहतो. ॲल्युमिनियमचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो आणि आट्यांमध्ये ठासून बसतो. अशा वेळी पान्याला पाईप लावून हिसका दिला, की डोकं हातात येतं आणि बोल्ट आत राहतो.

आधी तारेच्या ब्रशने भुकटी साफ करा, मग गंज सोडवणारं तेल सोडा. गिअरचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळूनही चालतं. फक्त ते पटकन पेट घेतं, हे ध्यानात ठेवा. तेल रात्रभर मुरू द्या. गिऱ्हाईक फोन करत राहील, करू दे. सकाळी बोल्टाच्या डोक्यावर सरळ, हलके ठोके द्या, म्हणजे गंजाला तडे जाऊन तेल आत उतरतं. बोल्ट थोडा हलला की लगेच सोडवत सुटू नका. पाव फेरा मोकळा, परत थोडा आवळा, पुन्हा तेल. घाई केली तर तीच भुकटी आटे खाऊन टाकते.

तरीही हलला नाही तर उष्णता द्यायची, बोल्टाला नव्हे, केसिंगला. १०० अंशांनी तापवलं तर १० मिलिमीटरचं ॲल्युमिनियमचं भोक साधारण ०.०२३ मिलिमीटरने फुगतं. साधा पोलादी बोल्ट त्याच्या निम्मा, स्टेनलेसचा सुमारे ०.०१७. स्टेनलेसमध्ये फरक कमी पडतो, म्हणून तापवणं आणि गार होऊ देणं दोन-तीनदा करावं लागतं. आणि हे कळकळीने सांगतो: इंजिन बोटीत असताना ज्योत पेटवायची नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचून राहते. इंजिन बाहेर काढा, तेल पुसून टाका, मगच तापवा.

बोल्ट तुटलाच तर ईझी-आऊटकडे, म्हणजे तुटलेल्या बोल्टात रुतवून तो फिरवून काढायच्या हत्याराकडे, लगेच धावू नका. ते कडक पोलादाचं असतं. आत मोडलं तर साध्या ड्रिलला दाद देत नाही. तुकडा थोडा वर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करा. तापही मिळतो आणि पाना लावायला जागाही. पृष्ठभागाशी तुटला असेल तर मधोमध पंच मारून उलट्या फिरकीचं, म्हणजे बोल्ट सुटतो त्या दिशेने फिरणारं, ड्रिल लावा. पुष्कळदा भोक पाडता पाडताच तुकडा बाहेर येतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात चौकशी करा आणि अशा ड्रिलचा एक संच घेऊनच ठेवा.

आता फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक. ते क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) निमुळत्या टोकावर नुसत्या घर्षणाने पकडून बसतं. चावी (खाचेत बसणारा धातूचा छोटा तुकडा) असते ती जागा नेमकी राहावी म्हणून. त्याच्या कडेला पकडणारा पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावू नका, कड वाकते. मधल्या भोकांत बोल्ट बसणारा पुलर घ्या, आणि ते बोल्ट मागच्या कॉइलला टेकणार नाहीत इतकेच आत घाला. ताण द्या आणि थांबा. नाही सुटलं तर मधल्या भागाला हीट गनने थोडा वेळ ऊब द्या. कडेला नको, तिथं चुंबक असतात. मग थोडा ताण वाढवा. ठक्कन आवाज येतो आणि फ्लायव्हील सुटतं. क्रँकच्या टोकावर हातोडा मात्र नाही. टू-स्ट्रोकचा क्रँक बहुधा तुकडे दाबून जोडलेला असतो. घावाने तो सरळ रेषेतून हटला तर नव्या बेअरिंगचाही उपयोग नाही.

परत जोडताना आटे स्वच्छ करा आणि बोल्टाला अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारं वंगण, लावा. पण वंगण लावलेला बोल्ट तेवढ्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) जास्त ताणला जातो, म्हणून मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा आहे की तेलाच्या, ते बघा. फ्लायव्हीलच्या निमुळत्या भागाला यातलं काहीही लावायचं नाही. तो पुसून कोरडाच बसवायचा.